जुन्या शहरात कुठे खावे, काय प्यावे? भिलाई–रायपूरच्या उदाहरणातून



औद्योगिक प्रशिक्षण, अभ्याससहल किंवा स्पर्धेच्या निमित्ताने तुम्हाला अनोळखी शहरात काही दिवस ते काही आठवडे राहावे लागते. देशभरातून भिलाईला प्रशिक्षणासाठी येणारी मुले पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारतात: राहायचे कुठे आणि खायचे कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदाच द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर दिवसातून तीनदा द्यावे लागते, आणि ते चुकले तर चार आठवड्यांच्या प्रशिक्षणातला एखादा आठवडा अंथरुणात जातो. म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात.

१. एखाद्या जुन्या शहराचे स्वतःचे अन्न तिथल्या हॉटेलांत सहज का मिळत नाही, हे सांगणे.
२. ते अन्न कुठे शोधायचे, हे ठरवणे.
३. समोरचे अन्न आणि पाणी सुरक्षित आहे का, याचा कारणांसह अंदाज घेणे.
४. बिल वाचणे.

१. तीस किलोमीटरवरची दोन वेगळी शहरे

भिलाई आणि रायपूर यांच्यात सुमारे तीस किलोमीटर अंतर आहे, पण खाण्याच्या दृष्टीने ही दोन वेगळ्या जातीची शहरे आहेत.

भिलाईचा पोलाद कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत वसली आणि तिथे केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार, महाराष्ट्र अशा सगळीकडची माणसे नोकरीला आली. घरापासून दूर असलेल्या माणसाला घरच्यासारखे खायला हवे असते. त्यामुळे भिलाईत डोसा, छोले, मासे-भात, पोहे हे सगळे शेजारी शेजारी मिळते. ‘भिलाईचा खास पदार्थ कोणता?’ असे विचाराल तर नेमके उत्तर मिळणार नाही. सगळ्या देशाचे पदार्थ एका बाजारात मिळणे, हेच या गावाचे वैशिष्ट्य.

रायपूर जुने आहे. पुरानी बस्ती, बूढा तालाब, दूधाधारी मठ, गोल बाजार ही नावेच शहराचे वय सांगतात. मठाच्या नावात तर आहारच आहे: इथले महंत केवळ दुधावर राहत, म्हणून ‘दूधाधारी’, अशी परंपरा सांगितली जाते. मराठी वाचकाला या भागाशी आणखी एक धागा जोडता येईल. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून १७५८ ते १७८७ या काळात इथला कारभार पाहिला. रायपूर, दुर्ग, बिलासपूर इथे आजही अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

आता अपेक्षा अशी असते की जुन्या शहरात जुने, स्थानिक अन्न जागोजागी मिळेल. प्रत्यक्षात रायपूर स्टेशनबाहेर तुम्हाला इडली, समोसा, पनीर आणि चाऊमीन आधी दिसते. असे का होते?

२. स्थानिक अन्न हॉटेलात का नसते?

याची तीन कारणे आहेत, आणि ती भारतातल्या बहुतेक जुन्या शहरांना लागू पडतात.

*(अ) कोणी कोणाबरोबर जेवायचे, यावरची बंधने.* हॉटेल म्हणजे अनोळखी माणसाने शिजवलेले, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खाणे. जातीच्या बंधनांमुळे आपल्या समाजात हे सहजासहजी मान्य नव्हते. प्रवासी धर्मशाळेत उतरत आणि शिधा घेऊन स्वतः रांधत, किंवा आपल्याच जातीच्या घरी जेवत. महाराष्ट्रातले कोल्हापूरचे उदाहरण लक्षात ठेवा. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने चहाचे हॉटेल काढले. त्यांच्या हातचा चहा प्यायला वरच्या जातीचे लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून सर्वांदेखत चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. एका कप चहासाठी राजाला गाडी थांबवावी लागली, यावरून प्रश्न किती खोल होता हे कळते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून बंधन घालता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. घटनाकारांनी उपाहारगृहाचा वेगळा उल्लेख का केला, याचे उत्तर या इतिहासात आहे. तुम्ही आज कोणत्याही खानावळीत निर्धास्त बसता, तो हक्क कोणीतरी मिळवून दिलेला आहे.

*(आ) अन्नाचा स्वभाव.* छत्तीसगढ हा धानाचा प्रदेश. इथले रोजचे अन्न शेतावरच्या कामाभोवती घडले. ‘बासी’ म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा, चटणीबरोबर खाणे. ‘बोरे’ म्हणजे ताजा भात निववून पाण्यात घालून खाणे. हे घरात उरलेल्या भाताचे अन्न आहे. त्याला दुकान लागत नाही, आणि दुकानदाराला त्यात फारसा नफा नाही. दुसरीकडे ठेठरी, खुरमी, गुळाचे चीले हे पदार्थ सणाचे. हरेलीला चीला होतो, पोरा म्हणजे आपल्या पोळ्याला ठेठरी-खुरमी होते. रोजचे अन्न घरात आणि विशेष अन्न सणात, अशी वाटणी असली की हॉटेलच्या पाटीवर लिहायला फारसे काही उरत नाही.

*(इ) गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न.* हॉटेल चालते ते बाहेरच्या माणसावर. स्थानिक माणूस चव बदलायला हॉटेलात जातो, घरचेच खायला नाही. प्रवाशाला ओळखीचे हवे असते. दोघांच्याही मागणीत स्थानिक पदार्थ बसत नाही. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून नव्या पिढीला आणि पाहुण्याला ओळख नाही, असे हे चक्र आहे.

हे चक्र तोडण्याचा एक प्रयत्न रायपुरात झाला. राज्याच्या संस्कृती विभागाने महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारात २६ जानेवारी २०१६ रोजी ‘गढ कलेवा’ सुरू केले आणि ते चालवण्याचे काम महिलांच्या स्वयंसहायता गटाकडे दिले. घरात आणि सणात अडकलेले पदार्थ तिथे पाटीवर आले. ज्या बायका हे पदार्थ घरी विनामोल करत होत्या, त्यांच्या कौशल्याला किंमत मिळाली. एखादा पदार्थ टिकतो की लोपतो, याचा निर्णय बऱ्याचदा असा होतो: तो करणाऱ्याला त्यातून काही मिळते की नाही, यावर.

भिलाईत एकत्र जेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या मार्गाने आले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४६ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांग एक, ताट एक आणि वाढणारा एक. सहकारी उपाहारगृहाचे उदाहरण म्हणजे इंडियन कॉफी हाउस. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूरला झाली. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढमधली कॉफी हाउसे जबलपूरच्या संस्थेमार्फत चालतात. भिलाई आणि रायपूर दोन्हीकडे ती आहेत. नव्या गावात पहिल्या दिवशी कुठे जावे हे कळत नसेल, तर अशी जागा चांगली: ताजा डोसा, उकळती कॉफी, ठरलेले दर आणि तासभर बसले तरी कोणी उठवत नाही.

३. काय मागावे? पदार्थांची ओळख

नाव माहीत नसेल तर माणूस मागत नाही. म्हणून काही नावे आणि त्यांचे जवळचे मराठी नाते लक्षात ठेवा.

• चीला: तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे. कोकणातल्या घावनाचा चुलतभाऊ. टोमॅटोच्या चटणीबरोबर खातात.
• फरा: तांदळाच्या पिठाचे बोटभर लांब वळे वाफवून, वरून तिळाची फोडणी. तेल कमी, त्यामुळे उन्हाळ्यात सोसते.
• चौसेला: तांदळाच्या पिठाची पुरी.
• अंगाकर रोटी: पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची जाड भाकरी.
• डुबकी कढी: वाटलेल्या डाळीचे गोळे न तळता थेट उकळत्या कढीत सोडतात. वऱ्हाडातली गोळ्यांची कढी खाल्लेल्याला लगेच ओळख पटेल.
• ईढर: उडदाचे वाटण आणि अळूची पाने यांचे उंडे वाफवून, कापून दह्याच्या रश्श्यात. आपल्या अळूवडीचा रस्सेदार प्रकार म्हणा.
• ठेठरी, खुरमी, अइरसा: पहिली बेसनाची, कडबोळ्याच्या वळणाची. दुसरी गुळाची, शंकरपाळ्याच्या जवळची. तिसरा तर नावासकट अनारसाच.
• भाज्या: लाल भाजी म्हणजे माठ, अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, जिमीकांदा म्हणजे सुरण.

पाण्यात भिजवलेला भात ही केवळ छत्तीसगढची गोष्ट नाही. ओडिशात तो पखाळ, बंगालात पांताभात, आसामात पोइताभात आणि तमिळनाडूत पळय सादम. तुम्ही यांपैकी कुठूनही आलात तरी बासी तुम्हाला परकी वाटणार नाही. १ मे २०२२ पासून कामगार दिनी छत्तीसगढात बोरे-बासी खाण्याचा सरकारी पातळीवरचा उपक्रमही झाला. ज्या अन्नाची मुले शाळेत लाज बाळगत, ते मंत्र्यांच्या ताटात आले, ही घटना लहान नाही.

४. सुरक्षितता: तापमान, वेळ आणि पाणी

आता अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शोभेल असा भाग पाहू. अन्नातून होणारा आजार बहुतांशी तीन गोष्टींवर ठरतो: अन्न किती तापमानाला, किती वेळ राहिले आणि त्यात कोणते पाणी गेले.

तापमान. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या वाढीला अनुकूल पट्टा मानतात. मे महिन्यात भिलाई–रायपूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे टेबलावर ठेवलेले अन्न या पट्ट्याच्या मधोमध असते.

वेळ. अनुकूल स्थितीत काही जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. गणित करून पाहा.

समजा सुरुवातीला १०० जीवाणू आहेत.
२ तासांत दुपटी = १२० ÷ २० = ६ वेळा. संख्या = १०० × २⁶ = ६,४००.
४ तासांत दुपटी = १२ वेळा. संख्या = १०० × २¹² = ४,०९,६००.

वेळ दुप्पट झाली, पण संख्या ६४ पट वाढली. म्हणून ‘सकाळीच तर केले आहे’ हे वाक्य दुपारी दोन वाजता उपयोगाचे नाही. यातून पहिला नियम निघतो: नावाजलेल्या हॉटेलातल्या थंड पदार्थापेक्षा टपरीवरचा समोर तळलेला पदार्थ अधिक भरवशाचा असू शकतो. वाफाळते पाहा, पाटी नंतर पाहा. गर्दी असलेल्या ठिकाणी माल लवकर संपतो, म्हणजे तो कमी वेळ पडून राहतो. गर्दीला चवीचे प्रमाणपत्र म्हणतात, पण ती वेळेचेही मोजमाप आहे.

भाताविषयी विशेष. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात. भात गरम हवेत तसाच राहिला तर ते वाढतात आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मग बासी कशी चालते? पाण्यात भिजलेल्या भातात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, पाणी आंबट होते आणि त्या आंबटपणात बरेच अपायकारक जीवाणू मागे पडतात. पण ही हमी नव्हे. भात लवकर निववलेला, पाणी पिण्याचे आणि भांडे स्वच्छ हवे, आणि ती सकाळीच संपवायला हवी. म्हणून बासी कोणाच्या घरी किंवा खात्रीच्या स्वयंपाकघरात खा. भर दुपारी उघड्यावर मिळाली तर नको म्हणा.

पाणी आणि बर्फ. गोठवल्याने जीवाणू मरतातच असे नाही, ते थांबतात. उसाचा रस स्वच्छ असला तरी त्यातला बर्फ तसा असेलच असे नाही. ‘बिना बर्फ’ हे दोन शब्द उन्हाळ्यात पाठ ठेवा. उकळता चहा जवळपास सर्वत्र सुरक्षित, फक्त पेला पाहून घ्या. माठाच्या पाण्यात धोका बहुधा माठात नसून बुडवलेल्या हातात असतो. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असेल तर बरे. बाटली घेताना झाकणाचे सील पाहा.

परवाना. खाद्यव्यवसायाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतो आणि तो दर्शनी भागात लावायचा असतो. क्रमांक असणे म्हणजे स्वच्छतेची खात्री नव्हे, पण तक्रार करायची झाली तर पत्ता मिळतो.

पोट बिघडलेच तर. शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे हे पहिले काम. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी मागा. त्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा, पाच मिलीलिटरचा). ताप, रक्त पडणे, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर थेट डॉक्टरकडे जा. ‘प्रशिक्षणाची हजेरी बुडेल’ म्हणून अंगावर काढू नका.

५. बिल कसे वाचावे?

साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर सामान्यतः ५ टक्के असतो. सेवाशुल्क हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही.

समजा चौघांचे जेवण ४०० रुपयांचे झाले आणि १० टक्के सेवाशुल्क लावले. तर ४०० + ४० = ४४०, त्यावर ५ टक्के कर २२, एकूण ४६२. सेवाशुल्क काढून टाकल्यास ४०० + २० = ४२०. फरक ४२ रुपये. शांतपणे सांगितले की बहुतेक ठिकाणी ते काढतात. वाढणाऱ्याला खुशीने काही द्यायचे असेल तर त्याच्या हातात द्या.

६. एका दिवसाचा आराखडा

भिलाईहून सुट्टीच्या दिवशी रायपूर पाहायचे असेल तर क्रम असा ठेवा. सकाळी लोकल गाडीने निघा, नाश्ता गरम आणि हलका करा. ऊन चढण्याआधी पुरानी बस्ती, दूधाधारी मठ आणि बूढा तालाब पाहा. उन्हाच्या वेळी संग्रहालयात जा. सरकारी संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असू शकते, आधी चौकशी करा. जेवण आवारातल्या गढ कलेव्यात. चौघे असाल तर चौघांनी चार वेगळे पदार्थ मागवा आणि वाटून खा, एका जेवणाच्या खर्चात चार ओळखी होतात. संध्याकाळी गोल बाजारात फिरा. परतताना सोबत न्यायला ठेठरी-खुरमी घ्या. कोरडे तळलेले पदार्थ असल्याने ते वसतिगृहात काही दिवस टिकतात. पाण्यात बुडालेला पदार्थ लवकर खराब होतो आणि कोरडा टिकतो, हेही वरच्याच नियमाचे दुसरे रूप.

वागण्याबद्दल एवढेच: न आवडलेल्या पदार्थाला नाक मुरडू नका. समोरच्या बाईने तो पहाटे उठून केलेला असतो. ‘हे कशापासून करता?’ असे विचारा. तुमचे पथ्य, उपवास किंवा ॲलर्जी असेल तर मागवण्याआधी सांगा. आणि कोणी घरी जेवायला बोलावले तर जा. वर पाहिलेल्या तीन कारणांमुळे या प्रदेशाचे सर्वात चांगले अन्न अजूनही घरातच आहे.

सारांश

• जुन्या शहराचे अन्न घरात आणि सणात असते. हॉटेल बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी असते.
• एकत्र बसून खाणे हा आपल्याकडे मिळवावा लागलेला हक्क आहे.
• पाटीपेक्षा वाफ, नावापेक्षा वेळ आणि चवीआधी पाणी पाहा.
• करणाऱ्याला मोबदला मिळाला तर पदार्थ टिकतो. तुमची मागणीही त्यात मोजली जाते.

स्वाध्याय

१. दुपटीचा काळ ३० मिनिटे धरून ३ तासांनंतर ५० जीवाणूंचे किती होतील? (उत्तर: ३,२००)
२. तुमच्या गावातला असा एक पदार्थ लिहा जो घरी होतो पण हॉटेलात मिळत नाही. वरच्या तीन कारणांपैकी कोणते त्याला लागू पडते?
३. वसतिगृहाच्या मेसमध्ये भात शिजल्यापासून शेवटच्या विद्यार्थ्याच्या ताटात पडेपर्यंत किती वेळ जातो? आठवडाभर नोंद ठेवा आणि मेस समितीसमोर मांडा.
४. अनुच्छेद १५(२) मध्ये उपाहारगृहांबरोबर विहिरी आणि तलाव यांचाही उल्लेख का आला असावा? दहा ओळींत लिहा.